आजी, हात लावू का?

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे युनिटसोबत राहायचं, जखमी झालेल्याला पहिली पट्टी बांधायची आणि डॉक्टरपर्यंत जिवंत पोचवायचं. जवान आम्हाला ‘डॉक्टरसाब’ म्हणत. खरा डॉक्टर जवळ असला की म्हणत नसत. निवृत्त होऊन अकोल्याला घरी आलो आणि पहिले काही महिने घराला शिस्त लावण्यात घालवले. एक दिवस जेवताना बायकोनं पेपरातली जाहिरात माझ्या ताटाशेजारी ठेवली. अमरावतीतल्या एका संस्थेला अॅम्ब्युलन्सवर माणसं हवी होती.

“तुमाले जखमी लोकायची आदत हाय,” ती म्हणाली. “घरात कोणीच जखमी नाही.”

नोकरी मिळाली, पण आधी ट्रेनिंग करा म्हणाले. मला मनातून जरा हसूच आलं. आमचं ट्रेनिंग काय होतं ते मला ठाऊक होतं. उस्ताद कानाशी ओरडायचा आणि आम्ही चिखलातून सरपटत जाऊन एखाद्या धडधाकट सोबत्याला जखमी समजून ओढत आणायचो. जखमीनं काय करायचं तेही ठरलेलं होतं. गप्प पडून राहायचं. जो कण्हायचा, त्याला पुढच्या फेरीत ओढणारा करत.

इथं पंख्याखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या. शिकवायला माझ्या पुतणीच्या वयाची एक मॅडम होती. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, पेशंटजवळ गेल्यावर आधी स्वतःची ओळख द्यायची, मग हात लावायची परवानगी घ्यायची.

मी उभा राहिलो. इतर पोरं बसूनच प्रश्न विचारत, पण मला बसून बोलता येत नव्हतं. “मॅडम, तो नाही म्हणाला तर?”

“समजावून सांगायचं.”

“तेवढ्यात मेला तर?”

“बेशुद्ध असेल तर विचारत बसायचं नाही. शुद्धीत असेल तर विचारायचं. नुसतं विचारल्यानं कोणी मरत नाही, फौजी.”

मी बसलो, पण पटलं नव्हतं. आठवड्यानं परीक्षा झाली. पेशंटचं काम कँटीनच्या आचाऱ्याला दिलं होतं. माणूस चांगला भरलेला होता. तो जमिनीवर पाय धरून बसला होता आणि मॅडमनं एवढंच सांगितलं होतं, “याला चालता येत नाही. गाडीपर्यंत न्या.” मी एक गुडघा टेकला, त्याचा हात धरला, मान खाली घातली आणि उस्तादानं शिकवलं तसा त्याला खांद्यावर टाकून उभा राहिलो. गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. आचारी माझ्या पाठीमागे उलटा लटकत ओरडत होता, “उतरव ना बे मले! वरण हाय गॅसवर!” गाडीत नेऊन ठेवलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही जरा ताठ उभा राहिलो.

मॅडमनं विचारलं, “स्ट्रेचर कुठं होतं?”

स्ट्रेचर आचाऱ्याच्या अगदी शेजारी होतं. मी त्याच्यावर पाय ठेवून उठलो होतो.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि पास झालो. आचाऱ्यानं मात्र दुसऱ्यांदा पेशंट व्हायला साफ नकार दिला. पहारेकऱ्याला बसवावं लागलं.

पहिला कॉल आला तो दर्यापूर रस्त्यावरच्या एका गावाचा. आमच्या गाडीत मी आणि ड्रायव्हर. डॉक्टर फोनवर. झेंडूच्या वावरात एक म्हातारी पडली होती. गाडी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत गेली, पुढं पायी. जाऊन पाहतो तर आजीबाई निंबाखाली फुलांच्या ढिगाला टेकून बसलेल्या, आणि भोवती सगळं गाव. कोणी वारा घालतंय, कोणी पाय चोळतंय, कोणी तिसऱ्यालाच फोनवरून सांगतंय की म्हातारी गेली.

फौजेत जखमी माणसाला नातेवाईक नसतात. असतात, पण दोन हजार किलोमीटर लांब. गर्दीचं काय करायचं हे मला कोणीच शिकवलेलं नव्हतं. मी छाती भरून आवाज काढला, “सब लोग दस कदम पीछे!”

एकही माणूस हलला नाही. मागचे काही जण उलट पुढं आले, कोण ओरडतंय ते पाहायला. एकानं मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, “डॉक्टर कुठं हाय?”

तेव्हा मला मॅडमची आठवण झाली. म्हणजे दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून झाली. मी म्हातारीसमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, “आजी, मी अॅम्ब्युलन्सवाला. पाय पाहाचा हाय. हात लावू का?”

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. “लाव ना बापा. हात लावालेच बलावलं तुले. का पाहून जातं नुसतं?”

मग तिनं मान वर केली आणि पाय चोळणाऱ्या माणसाला म्हणाली, “सोड तो पाय. तुयी म्हैस हाय का मी?” वारा घालणारीला म्हणाली, “तू घरी जाय, पोरगं रडून राहिलं तुयं.” आणि बाकीच्यांना नुसतं, “सरका.” सगळे सरकले. असा हुकूम मानलेला मी परेडवरसुद्धा फार वेळा पाहिला नव्हता.

डाव्या पायाची नडगी सुजली होती आणि जागा वाकडी दिसत होती. हाड मोडलं होतं. रक्त नव्हतं. पायाची बोटं हलत होती, गरम होती. हे मला येत होतं. मी फळी काढली, पट्ट्या काढल्या आणि फौजेच्या सवयीनं मनात म्हटलं, आता बांधू आणि निघू. पण दुसऱ्यांदा पास होताना एक गोष्ट घोटून घेतली होती. माणूस पडला तर तो का पडला, ते विचारायचं.

“आजी, कशा पडल्या?”

जवानाला हा प्रश्न विचारला की तो सांगतो, “पैर फिसल गया, साब.” संपलं. आजीनं मांडी घालायचा प्रयत्न केला. मी तिला थांबवलं. मग तिनं भाच्याच्या साखरपुड्यापासून सुरुवात केली. भाचा मोझरीचा. मुलगी दिसायला बरी, पण तिची मावशी नाकानं बोलते. काल तिकडून यायला उशीर झाला. पाहुण्यांनी जेवण वाढलं, पण वरणात मीठच नव्हतं, म्हणून जेवली नाही. सकाळी फुलं तोडायची म्हणून लवकर उठली. चहा नाही घेतला. चहा घेतला नाही तरी गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

“कोनती गोळी?”

“साखरेची. अन् मंग दोन तास फुलं तोडली, अन् मंग मले झेंडू निळे दिसाले लागले.”

आता मी तिचा हात धरला. तळवा ओला होता आणि बोटं थरथरत होती. इतका वेळ मी ते दुखण्यानं समजत होतो. यंत्रावर रक्ताचा थेंब घेतला तर साखर बरीच खाली गेलेली. फोनवर डॉक्टरांनी सांगितलं, शुद्धीत आहे आणि गिळता येतंय ना, मग लगेच साखर द्या, पाय नंतर बांधा. मी पेल्यात पाणी घेतलं, ग्लुकोजची पुडी टाकली आणि आजीपुढे धरला.

“हे काय व्हय?”

“साखरेचं पाणी.”

“साखर बंद हाय मले.”

“आजी, आता साखर कमी झाली हाय. म्हणून तर चक्कर आली.”

“तुया म्हन्यानं काय होते? त्या डॉक्टरनं बंद केली.”

मी समजावून सांगितलं. मॅडमनं शिकवलं होतं तसं, साध्या शब्दांत, डोळ्यांत पाहून, आवाज न चढवता. आजीनं शांतपणे ऐकलं आणि तोंड फिरवलं. तिचा मुलगा म्हणाला, “माय, घे ना वं.” तिनं त्याच्याकडूनही तोंड फिरवलं. तिला आता घाम सुटला होता आणि मान जड व्हायला लागली होती. मी पुन्हा समजावलं. पुन्हा नाही. शेवटी माझ्याही नकळत छातीतून उस्तादाचा आवाज निघाला.

“गिलास पकड! पूरा पी!”

निंबावरचे कावळे उडाले. ड्रायव्हरनं हातातलं स्ट्रेचर टाकलं. आजीनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “असं सांग ना मंग. एवढा वेळ काय नवरीवानी लाजून राह्यला होता?”

थोड्या वेळानं थरथर थांबली. पुन्हा मोजली, साखर वर आली होती. मी पाय फळीला बांधला, अगदी विचारून विचारून, आणि दर वेळी ती म्हणाली, “इचारू नको, बांध.” स्ट्रेचर उचलायला चौघं लागणार होते, पंधरा जण धावले. कोणाचा हात कुठं लागेल ते आजीनंच आडवं पडून ठरवलं.

गाडीत एकच नातेवाईक चालतो. मुलगा बसला. त्याच्या मागून कोणीतरी झेंडूचं एक पोतं आत सरकवलं, कारण गाडी अमरावतीला जातच आहे तर बाजारात उतरवता येईल. यावर ड्रायव्हरचा आणि मुलाचा बराच वाद झाला. पोतं खाली राहिलं, पण फुलांनी भरलेला आजीच्या लुगड्याचा ओचा कोणाच्या लक्षात आला नाही. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला स्ट्रेचरवर झेंडू सांडत होते. रस्ताभर तिनं माझी चौकशी केली. गाव कोणतं, लेकरं किती, पगार किती, इतक्या लवकर रिटायर कसे केले, काही गडबड केली होती का.

दवाखान्यात डॉक्टरांना माहिती द्यायची मला चांगली सवय आहे. फौजेत चार वाक्यांत आटपावं लागतं. मी ताठ उभा राहिलो आणि सुरू केलं, “वय अंदाजे सत्तर, डाव्या पायाला...”

“पासष्ट,” आजी म्हणाली. “अन् तू थांब. तुले माईत नाही.”

तिनं तरुण डॉक्टरला स्ट्रेचरजवळचं स्टूल दाखवलं. डॉक्टर थोडा घुटमळला आणि बसला. मी गाडी धुवायला बाहेर आलो. ड्रायव्हर आतले झेंडू झाडूनं गोळा करत होता. आम्ही दोघांनी मिळून ते पिशवीत भरले आणि मुलाकडे दिले. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि पुढं नीट जुळलाही, असं त्यानंच नंतर एकदा दर्यापूरच्या स्टँडवर सांगितलं. माय आता काठी घेऊन वावरात जाते, म्हणाला, आणि उपाशी गोळी घेत नाही. गावात मात्र सांगते की अॅम्ब्युलन्सवाला पोरगा चांगला आहे, फक्त त्याला रागवायला फार वेळ लागतो.