घरच्या माणसाचा रोज

लॉन्ड्रीत तिला सगळे भागाकारबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की भागाकारबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं दाखवलं असतं तर दरारा गेला असता.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं कपडे टाकायचं दुकान नव्हे. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल इथे गाड्या भरभरून येत. खाली माणूस आत उभा राहील एवढाली धुलाईची यंत्रं, त्यांच्यापलीकडे वाफेवर तापणारे लांब रूळ, आणि रुळांतून कडक होऊन निघालेली चादर दोघींनी दोन टोकांना धरून घडी घालायचं टेबल. वर जिन्याच्या तोंडाशी काचेची खोली होती. तिथे बाई बसायची. काच वाफेनं कायम धुरकट, म्हणून समोरचा हाताएवढा चौकोन ती रोज सकाळी पदरानं पुसून घ्यायची आणि त्यातून खालच्या घडीच्या टेबलावर नजर ठेवायची.

तिचं काम पगार काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पगार ठरलेलाच असतो, त्यात काढायचं काय? पण कुणी चार दिवस येत नाही, कुणी जादा पाळी करतो, कुणी महिन्याच्या मध्येच कामाला लागतो. मग महिन्याच्या पगारातून एका दिवसाचा रोज काढावा लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे. पगार भागिले किती? तीस, एकतीस, की चार रविवार वगळून सव्वीस? भाजक मोठा घेतला की रोज आक्रसतो, लहान घेतला की फुगतो. जगातल्या निम्म्या मालकांची घरं या एका भागाकारावर उभी आहेत असं बाईचं मत होतं, आणि मालक सोडून कुणीही ते मान्य केलं असतं.

तिच्या मालकानंही हा उद्योग एकदा करून पाहिला होता. जादा दिवसाचे पैसे देताना पगार भागिले तीस आणि गैरहजेरीचे कापताना पगार भागिले सव्वीस. म्हणजे देताना रोज लहान, घेताना मोठा. बाई कागद घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, भाजक एकच राहील. कापायला सव्वीस तर द्यायलाही सव्वीस."

"अगं, त्यांना कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

मालक खो खो हसला. "या बाईपुढे आपलं काही चालत नाही बुवा," असं त्यानं खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून लॉन्ड्रीत सव्वीसचा भाजक कायम झाला आणि तिला ते नाव पडलं. नवीन माणूस कामाला लागलं की बाई त्याला वर बोलवायची, त्याचा रोज त्याच्याकडूनच काढून घ्यायची आणि दटावायची, "हा आकडा पाठ कर. बायकोचं नाव विसरलास तरी चालेल."

मालकाला दादा म्हणायचं, हे त्यानंच ठरवलेलं. नवरा गेल्यावर ती काम मागायला आली तेव्हा लॉन्ड्रीत एक यंत्र आणि तीन माणसं होती. पगार किती हे विचारायला तिची जीभ उचलेना. तोच म्हणाला, "हे बघ, मला मालक म्हणायचं नाही. दादा म्हण. तू नोकर नाहीस, घरची आहेस." सासरनं दार लावून घेतलेलं, माहेरी भावाच्या मागच्या खोलीत वळकटी टाकलेली. अशा दिवसांत 'घरची' म्हणणारं कुणी भेटलं की माणूस विरघळतो. तीही विरघळली, आणि चांगली बावीस वर्षं विरघळलेलीच राहिली.

घरच्या माणसाची हजेरी कोण घेतं? तिचं नाव हजेरीपटावर कधी चढलंच नाही. महिना संपला की दादा तिच्या हातात पाकीट ठेवायचा. रविवारी हॉटेलांच्या गाड्या यायच्या, चादरी मोजून घ्यायला कुणीतरी लागायचं, आणि परक्याच्या हाती किल्ल्या कशा द्यायच्या? मग बाईच यायची. संध्याकाळी खालच्या बायका घरी गेल्या तरी वरचा दिवा चालू असायचा. वर्षातून एकदा दादा पाकिटात थोडी भर घालायचा आणि म्हणायचा, "तुझं माझं काय हिशेबाचं नातं आहे का?"

"छे, दादा," ती म्हणायची. आणि तिला खरंच तसं वाटायचं.

हिशेबाचं नातं होतं ते वहिनीचं. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी असायचा. घर चालायचं वहिनीच्या हुकमानं. आणि ही वहिनी सख्ख्या नणंदेकडून मागच्या खोलीचं भाडं घ्यायची! पहिली तारीख उजाडली की दारात उभी. "वन्सं, भाडं." विजेचे वेगळे. नोटा उंबऱ्यावर बसून, बोटाला थुंकी लावून मोजायची. बाईनं एकदा टोमणा मारला, तर वहिनी शांतपणे म्हणाली, "व्यवहार चोख असला की नातं टिकतं, वन्सं." बाईला हे चिक्कूपणावर घातलेलं पांघरूण वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं लॉन्ड्रीत सगळ्यांना ऐकवलं, "रक्ताची माणसं भाडं मोजून घेतात आणि दादा बघा, कोण कुठला, पण कधी हिशेब केला नाही."

मग दादाचे गुडघे गेले. जिना चढवेना, मुलांना वाफेत राबायचं नव्हतं, आणि एका मोठ्या कंपनीनं लॉन्ड्री घ्यायची तयारी दाखवली. पगार यापुढे कंपनीच्या मुख्य कचेरीतून निघणार होते. जुन्या माणसांचा हिशेब मात्र जुन्या मालकानं चुकता करायचा असं ठरलं. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा रोज. दादानं बाईला बोलावलं. "सगळ्यांचं तूच काढ. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

नोकरी जाणार याचं बाईला फारसं दुःख झालं नाही, कारण तिच्या डोक्यात एक खोली होती. दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर, स्वतःचा नळ आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी असलेली. अनामत रक्कम भरली की किल्ली तिच्या हातात. बावीस वर्षांचा पैसा येणार म्हटल्यावर ती वहिनीला ठसक्यात सांगून बसली होती, "पुढच्या महिन्यापासून भाडं मागायला यायची तसदी नको तुम्हाला."

वहिनीनं भाजी निवडता निवडता विचारलं होतं, "कागद झालाय का?"

"दादांचा शब्द आहे."

"म्हणजे शब्द दिलाय त्यांनी?"

"द्यायला कशाला हवा? घरचंच आहे ते."

वहिनीनं भाजीची पुढची जुडी सोडली. तेव्हा बाईला तिचा रागच आला होता.

हिशेबाचे दिवस मजेत गेले. एकेकाला वर बोलवायचं, रोज काढायचा, वर्षं मोजायची, आकडा सांगायचा आणि त्याचा चेहरा बघायचा. सगळ्यात शेवटी घडीवाली आली. ती सगळ्यांत नवी, लागून जेमतेम तीन वर्षं झालेली, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तेरा हजार पगार भागिले सव्वीस, म्हणजे पाचशे रोज. आलेला आकडा बाईनं तिला दोनदा वाचून दाखवला. घडीवाली पहिल्यांदाच गप्प झाली, मग नाक ओढत म्हणाली, "बाई, तुमचा किती आला हो?"

"माझा मागून. वाढणारीनं शेवटी बसायचं असतं."

यादी घेऊन ती दादाकडे गेली. दादानं चष्मा लावला, एकेक आकडा पाहिला, सही केली. कागद परत दिला. बाई उभीच राहिली.

"काय गं? काही राहिलं का?"

"दादा, माझं राहिलं ना."

"तुझं काय?"

"बावीस वर्षांचं."

दादाला खरोखरच आश्चर्य वाटलं. तोच घाव जिव्हारी लागला. फसवणारा माणूस निदान नजर चुकवतो, आवाज चढवतो, पाणी मागतो. हा तिच्या डोळ्यांत बघून समजावू लागला, लहान मुलीला समजवावं तसं.

"अगं, ही नोकरांची यादी. तू कुठे नोकर होतीस? कंपनीला मी हजेरीपट दिलाय, त्यात तुझं नाव कधीच नव्हतं. तुलाच तर माहीत आहे, तूच लिहायचीस." मग त्यानं खणातून नेहमीचं पाकीट काढलं. "या महिन्यात थोडे जास्त घातलेत हो. आणि ती तुझी खुर्ची घेऊन जा. नवी माणसं नव्या खुर्च्या आणतील."

"दादा, मी रविवारीसुद्धा यायचे."

"घरचं म्हणूनच यायचीस ना? का पैशासाठी यायचीस?"

पैशासाठी म्हटलं तर बावीस वर्षं खोटी, घरचं म्हणून म्हटलं तर पैसे खोटे. दोन्हीकडून तिचीच मान अडकली होती, आणि ते दावं तिनं स्वतःच इतकी वर्षं हौसेनं मिरवलं होतं. पाकीट उचलून ती वर आली.

खुर्चीत बसून तिनं पाकीट उघडलं. दरमहा चौदा हजार चारशे यायचे, घडीवालीपेक्षा चांगले चौदाशे जास्त. त्याचा तिला कोण अभिमान. आज आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोऱ्या कागदावर स्वतःचा पगार मांडला आणि भाजकाशी येऊन थांबली. सव्वीस? सव्वीस ज्यांना रविवार होते त्यांना. तिला रविवार नव्हता. तिनं भागिले तीस केलं.

चारशे ऐंशी.

तिनं पुन्हा केलं. चारशे ऐंशीच. संध्याकाळचे जादा तास तर तिनं धरलेच नव्हते. पुसलेल्या चौकोनातून खाली घडीवाली दिसत होती, चादरीचं टोक छातीशी धरून हसत काहीतरी सांगत होती. तिचा पाचशे. साऱ्या लॉन्ड्रीत सगळ्यात कमी रोज भागाकारबाईचा होता, आणि तो काढून द्यायला कुणी भागाकारबाई नव्हती. तिला दादाचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. भाजक एकच राहील म्हणून ती सगळ्यांसाठी भांडली होती. स्वतःचा भाजक तिनं विचारलासुद्धा नव्हता, कारण विचारलं असतं तर ती घरची राहिली नसती.

खुर्ची तिनं तिथेच सोडली. जिन्यात घडीवाली भेटली, "मिळाले का हो बाई?" म्हणाली. बाई "हो" म्हणाली आणि बाहेर पडली. दोन गल्ल्यांवरच्या खोलीची खिडकी चुकवायला ती लांबच्या रस्त्यानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. वहिनी दारात आली तेव्हा बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, केसही विंचरले नव्हते. वहिनीनं विचारलं आणि तिनं सांगून टाकलं, चार वाक्यांत. तेवढ्यातच संपलं ते. वहिनी 'मी म्हटलं होतं' असं म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. वहिनी तसं म्हणाली नाही. तिनं दादाला एक शिवी घातली, अशी की ती वहिनीला येत असेल यावर बाईचा विश्वास बसेना. मग ती उंबरा ओलांडून आत आली, शेजारी बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"राहू दे या महिन्याचं भाडं. पुढचंही बघू सावकाश. अहो, तुम्ही काय परक्या आहात का, वन्सं? घरच्याच ना तुम्ही."

बाई ताडकन सरळ झाली. तिनं पाठीवरचा हात बाजूला केला, उशाशी ठेवलेलं पाकीट उघडलं, भाड्याच्या नोटा वेगळ्या काढल्या, विजेचे पैसे वर ठेवले आणि सगळं वहिनीच्या ओंजळीत कोंबलं.

"अहो, पण..."

"वहिनी, काय वाटेल ते म्हणा, पण तेवढं म्हणू नका," बाईचा आवाज फुटला. "घ्या. आणि मोजून घ्या."

वहिनीनं नोटा मुठीत घेतल्या. मग उठून नेहमीच्या जागी, उंबऱ्यावर जाऊन बसली, बोटाला थुंकी लावली आणि नोटा मोजू लागली. एकदा मोजल्या. बाईची नजर अजून आपल्या हातांवरच आहे हे पाहून तिनं त्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, या वेळी मोठ्यानं.