म्हशीच्या चालीने

देवासला थोरल्या पातीच्या दरबारात हंबीरराव चोबदार होते. चांदीची काठी घेऊन स्वारीच्या पुढे वाट मोकळी करत चालायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं ते चालले आणि एकदाही त्यांनी घाई केली नाही.

१९०८ सालच्या चैत्रात, पागोटं बांधता बांधता, ते उजव्या अंगावर कलंडले. लकवा. महिन्याभरात वाचा परत आली. पाय आला नाही; त्याला गार-ऊनही कळेना. वैद्यांनी तेल दिलं आणि हलू नका म्हणून बजावलं. हंबीरराव हुकमाचे पक्के. आषाढ संपेपर्यंत हलले नाहीत.

शेवटी त्यांच्या बायकोने, नर्मदाबाईंनी, तेलाची बाटली फडताळात ठेवून दिली आणि म्हैस दाराशी आणली.

"अहो, भुरीला पाण्यावर न्यायचंय. तुम्ही न्या."

"मी?"

"वाट तिला माहीत आहे. तुम्ही नुसता पाठीवर हात ठेवा."

"चोबदार कुणाच्या मागून चालत नाही."

"मग शेजारून चाला."

डावा हात म्हशीवर, मागून कमरेचा शेला नर्मदाबाईंच्या मुठीत, अशी ती तिघं निघाली. पहिल्या दिवशी पाच पावलं झाली. सहावं एकट्या म्हशीने टाकलं. हंबीरराव चिखलात बसले. तिथूनच म्हणाले, "ही जरा जोरात चालते."

दुसऱ्या दिवशी नऊ झाली.

देवासात राज्यं दोन, भावाभावांच्या वाटणीतली. यांच्या गल्लीपुढच्या रस्त्याचा अलीकडचा काठ थोरल्या पातीचा, पलीकडचा धाकट्या पातीचा, आणि पाण्याचा हौद पलीकडे. भाद्रपदात हंबीरराव त्या रस्त्यापर्यंत पोचले आणि थांबले. नोकरीत असताना हुकमावाचून ते कधी पलीकडे गेले नव्हते. भुरी थांबली नाही. हात सोडून पडावं किंवा हद्द ओलांडावी, एवढंच उरलं. त्यांनी हद्द ओलांडली.

हौदाशी धाकट्या पातीचा शिपाई गणोजी बसला होता. त्याने म्हैस पाहिली, ताठ मानेचे हंबीरराव पाहिले, शेला धरलेल्या बाई पाहिल्या.

"भिया, कौन-सी सरकार की सवारी है?"

"दिसत नाही? वाट सोड!"

आवाज जुनाच निघाला. गणोजी उठला आणि बाजूला झाला. हंबीररावांचे डोळे भरून आले. ते त्यांनी म्हशीकडे तोंड करून पुसले.

नवरात्रापर्यंत शेला सुटला, मग म्हशीचा आधारही सुटला. साधी काठी टेकत, उजवा पाय ओढत हंबीरराव एकटे दरबारच्या कचेरीत गेले. कारभाऱ्यांनी बसायला सांगितलं, प्रकृती विचारली आणि नवा चोबदार नेमल्याचं सांगितलं.

"कसा आहे?"

"तरणा आहे. चांगला चालतो."

"चांगला म्हणजे भरभर का?"

कारभारी कागद चाळू लागले. हंबीररावांनी मुजरा केला. त्यात तोल जाऊ लागला तेव्हा त्यांनी कारभाऱ्यांचंच मेज धरलं, आणि सरळ उभे राहिल्यावरच सोडलं.

घरी यायला त्यांना दोन तास लागले. नर्मदाबाईंनी उंबऱ्यातून त्यांना येताना पाहिलं. त्या हात द्यायला उठल्या नाहीत. ते पायरीवर टेकले, तेव्हा बाईंनी त्यांच्या पायांवर पाणी ओतलं.

"गार आहे," हंबीरराव म्हणाले.

"दोन्ही पायांना?"

त्यांनी जरा थांबून खात्री केली.

"दोन्ही."