नलूताई आणि बर्फावरचे बूट

नलूताई गेली हे मला सातपूरला, कारखान्याच्या गेटवर पत्रकं वाटताना कळलं. पहिली पाळी सुटत होती, फोनवर तिची विद्यार्थिनी हिरा होती. "बाई गेल्या," एवढंच म्हणाली. मेंदूत रक्तस्राव, दवाखाना, संपलं. त्याला आता महिना होऊन गेला. पेपरातल्या चार ओळींत "मनमिळाऊ क्रीडाशिक्षिका" असं छापून आलं होतं. मनमिळाऊ? साफ खोटं. नलूताई भांडखोर होती, आणि कशासाठी भांडायची ते कुणीतरी लिहायलाच हवं.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजात होते. शहरातल्या एका गिर्यारोहण मंडळात मोहिमेला फक्त पोरं निवडली जात, तीही ठरावीक घरांतली. मी संतापून पत्रक काढलं: "डोंगर कुणाच्या बापाचे?" दुसऱ्या दिवशी आमच्याच कॉलनीत राहणारी ही पीटीची बाई ते पत्रक हातात घेऊन दारात उभी. "मथळा झकास आहे. पण पोरींच्या पायांत बूट कोण घालणार? तुझं पत्रक?" मग आत येऊन तिनं हक्कानं चहा मागितला आणि स्वतःची गोष्ट सांगितली. विशीत ती हिमाचलात स्कीइंगच्या शिबिराला गेली होती. पायांना लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरायचं, हव्या त्या जागी वळायचं. आपल्या घरांत बूट घेताना एक नंबर मोठा घेतात, वाढत्या पायाला पुरावा म्हणून. तिनंही सवयीनं मोठाच मागितला आणि आत दोन-दोन लोकरी मोजे चढवले. पण स्कीचा बूट म्हणजे नडगीपर्यंत येणारी कडक प्लॅस्टिकची बादली. आत टाच उचलली गेली की पाय वळतो, पट्टी वळत नाही. ती पडत राहिली, अंगठ्यांची नखं काळी पडली, आणि शेरा मिळाला की महिलांची ताकद कमी पडते. "ताकद म्हणे! अगं, टाच हलत होती माझी!" त्या शेऱ्यामुळे वरच्या वर्गाचं दार बंद झालं, आणि वरचा वर्ग पास झाल्याशिवाय तिला मुलींना स्कीइंग शिकवायची परवानगी मिळणार नव्हती.

आमच्या ओळखीनंतर दोन वर्षं मंडळाशी भांडून तिनं त्याच शिबिराच्या दोन जागा मिळवल्या. एक हिराला, एक स्वतःला. हिरा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, नलूताईची जुनी विद्यार्थिनी, वसतिगृहात राहून शिकणारी. नलूताईची मात्र ही शेवटची संधी होती, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. देवळालीच्या एका निवृत्त सुभेदाराकडून तिनं स्कीच्या बुटांचा जुना जोड मागून आणला आणि आपल्या खोलीत हिराला उभं केलं. आतला मऊ बूट काढून बाहेरच्या नुसत्या कडक कवचात अनवाणी पाय. बोटं पुढं टेकवली की टाचेमागं एक बोट जाईल एवढीच जागा हवी, तीन बोटं गेली तर बूट मोठा. मग आतला बूट परत घालून, बकलं लावून गुडघे पुढं वाकवायचे. दोघींचे चवडे सारखेच पसरट. हिराची पोटरी चढ-उतारानं भरलेली, बुटाचा काठ तिथं रुतायचा. नलूताईनं टाचेखाली रबराची पाचर सरकवली, पोटरी काठाच्या वर आली.

"बाई, लय आवळतंय. आमच्या पाड्यावर बैलालाबी एवढं आवळत नाय."

"आवळतंय का दुखतंय?"

"आवळतंय."

"मग गप उभी रहा. दुखलं तर सांग."

शिबिरात मात्र बूट वाटणारा माणूस रांगेला नुसता नंबर विचारत होता. हिराला त्यानं अरुंद जोड दिला, ती कळवळली, तर दोन नंबर मोठा फेकला. नलूताई बुटांच्या कोठीच्या उंबऱ्यावरच बसली. तिची अट एकच: पोरगी कवचात अनवाणी पाय घालून बघेल, मगच रांग सरकेल. प्रशिक्षक ओरडला, "मॅडम, ये दुकान नहीं है!" ही म्हणाली, "इसीलिए बैठी हूँ. दुकान में तो वापस हो जाता है." पोरं हसली, प्रशिक्षक हसला नाही. शेवटी माळ्यावरून एक रुंद जोड निघाला, तो हिराला मिळाला. त्याच संध्याकाळी बेशिस्तीबद्दल नलूताईचं नाव शिबिरातून कापलं. मुलींची सोबतीण म्हणून राहा, म्हणाले, बर्फावर यायचं नाही.

हिरा पास झाली, पुढं वरचा वर्गही झाला. आज ती मुलींना स्कीइंग शिकवते. परत आल्यावर मी पत्रक लिहायला बसले तर नलूताईनं कागद ओढून घेतला. "बुटांवर लिही. माझ्यावर नको." मी लिहिलं, शंभर ठिकाणी वाटलं. त्या कोठीत अजूनही नुसता नंबरच विचारतात, हे हिराच सांगते.

गेल्या रविवारी मी आणि हिरा नलूताईची खोली आवरत होतो. मी पुन्हा चिडून म्हणाले, त्या दुसऱ्या शिबिरात तिला त्यांनी बर्फाला पाय लावू दिला नाही. हिरा साड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली साडी खाली ठेवली.

"लावला व्हता. शेवटच्या दिवशी सगळे जेवाया गेले, तवा मी माझे बूट काढून बाईंना दिले. आतून ओले व्हते, तसेच घातले. बकलं लावली, पट्ट्या घेऊन वर गेल्या..."

"आणि?"

"डावीकडं वळल्या. मग उजवीकडं. मी खाली जिथं उभी व्हते ना, बरोबर तिथं येऊन थांबल्या. म्हणाल्या, चल, भात संपंल."