रुमालाखाली विकलेले निजामी रुपये

मला भाव करता येत नाही. भाजीवालीनं वीस म्हटले की मी वीसच देते. बाबा गुरांच्या बाजारातले हेडी, म्हणजे बैलजोड्या घेऊन विकणारे. त्यांच्या घरात अशी मुलगी निघावी याचं सगळ्यांना हसू येतं. तरीही माझ्या संग्रहातले तीन निजामी रुपये मीच विकले. ते कसं झालं, हे जमेल तसं सांगते.

आमच्या भागात जुन्या घरांतून अजून निजामी नाणी निघतात. शाळेत असल्यापासून कापूस वेचणीचे पैसे साठवून मी ती पिंपळगाव राजाच्या बाजारातल्या, जुनी चांदी विकत घेणाऱ्या मोडवाल्याकडून घ्यायचे. चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो, आणि त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर. सुरुवातीच्या काही वर्षांत ते अक्षर लहान होतं, पुढे मोठं केलं. लहान अक्षराचा रुपया सहसा सापडत नाही. माझ्याकडे असे तीन होते, आणि ते विकायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पण एम.एस्सी.ला अमरावतीत नंबर लागला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रवेशाचे पैसे बाबांनी भरले होते. वसतिगृहाचे सोमवारी भरायचे होते, नाही तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार होती. आणि खोली नाही तर अमरावती नाही, हे घरात कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी खामगावच्या एका मंगल कार्यालयात नाण्यांचं प्रदर्शन होतं. बाबा सोबत आले. पहिल्याच टेबलावरच्या तरुण व्यापाऱ्यानं नाणी उलटीपालटी केली आणि मोठ्यानं म्हणाला, "ताई, चांदीच्या भावावर नाण्यामागे दोनशे जास्त देतो."

"याचं अक्षर लहान आहे," मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

पुढच्या टेबलावर गेलो तर तिथला माणूस आधीच तयार. "त्यांनी दोनशे म्हटले ना? मी अडीचशे देतो." त्याच्या पलीकडचाही अडीचशेच. तेवढ्यात खोलीचे पैसे होत नव्हते.

बाबा वैतागले. "हे भाव वरडून काऊन सांगून राह्यले? एकानं तोंड उघडलं का सगळ्याईचा भाव तोच!"

पहिला व्यापारी हसला. "काका, ही नाणी आहेत, बैल नाहीत."

"बैल असता तं आतालोक त्यानं तुले शिंग मारलं असतं."

कोपऱ्यात धामणगाव बढ्याकडचे एक म्हातारे व्यापारी बसले होते. त्यांनी भिंगातून एक नाणं बराच वेळ पाहिलं. मग शेजारच्या टेबलाकडे नजर टाकली आणि भिंग गुपचूप खाली ठेवलं. त्यांना अक्षर दिसलं होतं, हे मला कळलं. त्यांनी बाबांच्या खांद्यावरच्या रुमालाकडे पाहिलं.

"गुरांच्या बाजारातले का, भाऊ?"

"हाव, हेडी."

"मंग हातावरच बोलू. इथं शेजारचे लय आयकतात."

बैलाचा सौदा असाच होतो. रुमालाखाली दोघं एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला उभा असलेल्याला काही कळत नाही. बाबांनी रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला.

म्हातारबुवा मागे सरले. "पोरीचा हात धरू?"

"माल तिचा, तं हात बी तिचाच. मले नाण्यातलं काई समजत नाई."

बाजारात रुमालाखाली मुलीचा हात गेलेला मी कधी पाहिला नव्हता. पण घरी बाजेवर बसून बाबा आणि मी लहानपणापासून हा खेळ खेळायचो. हरेल त्यानं चहा करायचा.

"एका नाण्याचं, हजारात," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी माझी तीन बोटं धरली. मी मान हलवली. चार धरली. मी पुन्हा नाही म्हटलं. मग अख्खा पंजा धरला. पाच हजार! खोली झाली होती. हात काढून घ्यावा असं फार वाटलं, कारण हात काढला की सौदा पक्का. पण त्यांची नजर नाण्यांवरून हलत नव्हती. नाणी माझ्याइतकीच त्यांनाही हवी होती. मी त्यांचा पंजा दाबला, सोडला आणि दोन बोटं धरली. सात.

"आवं माय!" ते बोलले.

मी हात सोडला नाही. तोंडानं मला हे कधीच जमलं नसतं. शेवटी त्यांनी पंजा आणि वर एक बोट धरलं, आणि मी हात बाहेर काढला.

"हिले हात कोनं शिकवला, भाऊ?"

"चहा करून करून मीच," बाबा म्हणाले.

मी पैसे ओढणीत बांधत होते तेवढ्यात पहिला व्यापारी आला. "ताई, कितीला दिले?"

बाबा बोलणार होते, पण मीच बोलले, आणि इतक्या मोठ्यानं की चार टेबलांवरच्या माना वळल्या.

"हातातला भाव विचारत नसतात, दादा. तुम्ही कमानीतलं अक्षर पाहायला पाहिजे होतं."

बाबांनी मला दारापाशी गाठलं. नियम त्यांनाही लागू होता, म्हणून त्यांनीही भाव विचारला नाही.

"खोली?" एवढंच म्हणाले.

"झाली. वर गादी बी येते."

मग ते रस्त्यानं माझ्या पुढे चालू लागले, जोडी मनासारखी विकली गेल्यावर चालतात तसे, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सांगू लागले, "पोरगी अमरावतीले चालली."