आईच्या आतड्याचा फोटो

आईच्या पोटात कुठंतरी रक्त झिरपत होतं. शौचाला काळी व्हायची, चेहरा पांढराफटक. रक्ताची बाटली चढवली की महिनाभर बरी, मग पुन्हा तेच. औरंगाबादला तोंडातून नळी घालून जठर पाहिलं, खालून मोठं आतडं पाहिलं. दोन्ही साफ. राहिलं मधलं लहान आतडं, आणि तिथवर कुठलीच नळी पोचत नव्हती. त्यात नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी बंद होईल याचा नेम नाही. म्हणून पांढरं औषध पाजून आतड्याचे फोटो परभणीतच काढायचं ठरलं.

फोटोवाल्यानं गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. आमचं घर लिंगायत. आईचं इष्टलिंग चांदीच्या डबीत, पोटापर्यंत लोंबणारं.

"जीव गेला तर जाऊ द्या, पर लिंग अंगावरून उतरायचं न्हाई," आई म्हणाली.

फोटोवाला वैतागून मशीनकडं वळला, तेवढ्यात वडिलांनी डबी हळूच तिच्या पाठीमागं सरकवली. मागचं फोटोत कशाला येतंय, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "बाई, काही गिळलं होतं का? आतड्यात काहीतरी अडकलेलं दिसतंय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! सापडलं एकदाचं. आता ऑपरेशन होईल आणि आई सुटेल. आई तर तिथंच रडायला लागली. वडील मात्र फोटोकडं बघतच राहिले.

"साहेब, ते आतड्यात न्हाई. पाठीवर हाय," ते म्हणाले.

मग वालूरच्या स्वामींना विचारलं. मुठीत धरलं तरी ते अंगावरच, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्यांदा आईनं लिंग मुठीत धरलं आणि फोटो अगदी स्वच्छ आले. कुठं डाग नाही, व्रण नाही. त्या स्वच्छ फोटोंचा मला संताप आला. त्याच उन्हाळ्यात आई गेली.

पुढं कितीतरी वर्षांनी माझंही तसंच सुरू झालं. मला कॅमेरा बसवलेली एक गोळी गिळायला दिली. पाण्याच्या घोटाबरोबर ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर माझ्या लहान आतड्यातली रक्त गळणारी जागा डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली.

"घरात आधी कुणाला असा त्रास होता?"

"आईला."

"काय निघालं होतं?"

"काहीच न्हाई सापडलं," मी म्हणालो, आणि पन्नाशी उलटलेला मी त्या खुर्चीत हमसून हमसून रडलो.