कळशी घेऊन घेतलेलं माप

सुंदरम्माक्काला कुणी 'ठिगळं लावणारी बाई' म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. अहो, आईचा परकर लेकीला, थोरलीचा धाकटीला, असा अंगाबरोबर बसवून देणारं तिच्यासारखं माणूस आमच्या साखर पेठेत दुसरं नव्हतं. आत नवऱ्याचा माग खडखडायचा आणि ही उंबऱ्यात सुई घेऊन बसायची. जुन्या कापडाला कात्री लावायची नाही, हा तिचा हट्ट. जास्तीचं आत दुमडायचं, पोर वाढली की उसवायचं. आणि माप घेताना पोरीच्या डाव्या कमरेवर भरलेली कळशी द्यायची. पेठेतल्या पोरी दिवसभर पाणी भरायच्या, आणि कळशीनं परकर त्या अंगाला वर ओढला जातो ना!

मी विजयमाला. लहानपणीच्या आजारानं माझा डावा पाय आखूड राहिला. १९३२ साली शाळेत पहिली आले, तरी बक्षीस घ्यायला जाणार नाही म्हणून हटून बसले. आदल्या वर्षी परकर पायात येऊन भर समारंभात तोंडावर आपटले होते. हसल्या सगळ्या, मेल्या! पुन्हा तसं झालं असतं तर मी शाळाच सोडली असती.

आत्यानं माझ्या गेलेल्या आईचा रेशमी परकर पेटीतून काढला. "पार जमिनीला टेकू दे," ती अक्काला म्हणाली. "पोरीचा पाय दिसायला नको."

"पाय झाकला तर परत पडंल की पोर," अक्का म्हणाली. तिनं माझ्या कमरेवर कळशी दिली, खाली बसून काठ न्याहाळला आणि सारखा करून हातानं शिवून दिला.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर उभी राहिले, तर डावीकडचा काठ जमिनीवर लोळत होता. मुठीत परकर धरून मी रडकुंडीला आले. तेवढ्यात फाटकातून अक्का धापा टाकत आली.

"चुकलंच माझं! बक्षीस घ्यायला कुणी कळशी घेऊन जातं व्हय? कळशी नसली की ती बाजू खाली येणारच की!"

तिथंच फरशीवर बसली, डावी बाजू उसवली, दोन बोटं आत घेतली, कच्चा दोरा घातला. "चाल." मी चालले. "थांब. अजून अर्धं बोट. चाल परत."

पोरी जमल्या. मी दात खाऊन म्हटलं, "अक्का, सगळ्या बघायल्यात!"

"बघू देत. मी काठाकडं बघायलेय. चाल."

आठ फेऱ्या घातल्या बाईनं मला! जो पाय मी वर्षभर बाकाखाली लपवला, तो अख्ख्या शाळेनं पाहिला. आधी खुसखुस झाली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पाचव्या फेरीला मात्र आमच्या वर्गातली दाक्षायणी उकिडवी बसून म्हणाली, "अक्का, मागून जरा खाली आलंय बघा." मग काय, सगळ्याच काठ बघायला बसल्या. पायाचं कुणाला पडलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. समोर बायकांत बसलेल्या आत्यानं, पाय दिसतोय म्हणून, तोंडाला पदर लावला. मी लंगडत गेले, आणि बक्षीस दोन्ही हातांनी घेतलं. परकर धरायला एकही हात लागला नाही.