वल्या रंगाचं पोट्टं

"रंग वला हाये. हात नोका लावू."

आमचा पेंटर हे वाक्य दिवसातून पंचवीस वेळा म्हणायचा. पाटी ओली असताना म्हणायचा ते ठीक. पण खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या एका चौकटीजवळ कोणी फिरकलं, तरी हेच. तेही नजर वर न करता. तुम्ही असतात तर तुम्हालाही शंका आली असती.

पंधराएक वर्षांमागची गोष्ट. मोहाडीत माझी पीठगिरणी होती. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की हा यायचा, दुकानांच्या पाट्या आणि बैलबंड्या रंगवायचा आणि पौष संपता संपता तुमसरकडे निघून जायचा. गिरणीमागची खोली मी त्याला दिली होती. बदल्यात त्याने 'ओले धान्य दळून मिळणार नाही' अशी पाटी काढून दिली. अक्षर इतकं देखणं की बाया दळण ठेवून पाटीच पाहत उभ्या राहायच्या.

मी मुळातच शंकेखोर. गिरणीवर बसणारा माणूस दुसरा काय होणार? कोणी गव्हात काय मिसळून आणलं, हे मला पीठ चिमटीत घेतल्यावर कळायचं. मग हा माणूस कळू नये, याचा मला राग यायचा. गाव विचारलं तर म्हणायचा, "नदीपलीकडचा." घरी कोण, विचारलं तर कानामागचा ब्रश काढून कामाला लागायचा.

पहिल्याच वर्षी तो चहाला गेलेला पाहून मी ती चौकट वळवली. चित्र होतं. आफ्रिकेतली एक बाई, डोक्याला पिवळं फडकं, मांडीवर तान्हं पोर. बाई अशी रोखून पाहत होती की मीच चौकट घाईने परत फिरवली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पाहिलं. बाई तीच. पोर मात्र तिचं लुगडं धरून उभं. तिसऱ्या वर्षी पोराच्या हातात चेंडू, पुढचे दात दिसत होते. आता सांगा, हा काय प्रकार? मी गिरणीवर बोलून गेलो, "दरसाल पोट्टं बदलवते बाप्पा. काहून बदलवत असन?" गिरणीवरचं बोलणं पिठासारखं असतं. येईल त्याच्या अंगावर बसतं आणि घरोघर जातं.

चौथ्या वर्षी पोरं पळवणारी टोळी फिरत असल्याची आवई उठली. आठवडी बाजाराच्या दिवशी वीसेक माणसं गिरणीसमोर जमली.

"भाऊ, तुमीच सांगत होते ना? त्याच्यापाशी पोट्ट्यायचे फोटो हायेत म्हणून?"

मी फोटो म्हटलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही. मी आत जाऊन चौकट बाहेर आणली. तेवढ्यात कोणीतरी पेंटरची कॉलर धरली. तो सुटायची धडपड करीना. नुसतं म्हणाला, "रंग वला हाये भाऊ. हात नोका लावू."

माझं डोकं फिरलं. "चार वर्षांपासून वलाच हाये का?" असं म्हणून मी पोराच्या गालावर अंगठा दाबला.

अंगठा तपकिरी झाला. रंग खरंच ओला होता. पोराचा अर्धा गाल माझ्या अंगठ्याने फिसकटला. मी गुपचूप अंगठा दाराच्या चौकटीला पुसला.

माझी बायको शिदोरी घेऊन आली होती. गर्दीतून पुढे होऊन तिने चित्र निरखलं. "हे काय हाये या दुसऱ्या गालावर? तीट लावली हाये. काजळाची दिसणार नाही म्हणून पांढरी लावली. चोरलेल्या पोट्ट्याले कोणी तीट लावते का?" मग माझ्याकडे वळली. "अन् पोट्टं तेच हाये. वाढून राहिलं. घरी चार पोट्टे वाढले, तुमी एकाकडे तरी धड पाहिलं का?"

कॉलरवरचा हात सुटला. पेंटर तिथेच उकिडवा बसला.

"मोंबासाले जहाजं रंगवत होतो," तो तिलाच सांगू लागला. "बायको तिथलीच. माय गेली म्हणून गावी आलो, मंग परत जायाचे कागद नाही बनले. पोरगा तवा आठ महिन्याचा होता, बाई. जलम पौषातला. पौष आला का त्याले एक वर्षानं मोठा करतो. नाही त मले तो आठ महिन्याचाच राहते."

एकेक जण बाजाराकडे वळला. मी म्हणालो, "चुकलं माझं. गाल नीट करून घ्या, मी चहा सांगतो."

"राहू द्या," तो म्हणाला.

दुपारच्या एसटीने तो गेला. ओलं चित्र कपड्यांना लागू नये म्हणून दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून पायऱ्या चढला. त्याची रंगांची पेटी कंडक्टरने वर घेतली. मी तीही उचलून दिली नाही. आजही त्याची लाज वाटते.

तो पुन्हा आला नाही. तुमसरला विचारलं, भंडाऱ्याला विचारलं. कोणाला ठाऊक नाही. गिरणीला दोनदा चुना मारला, पण दाराच्या चौकटीला मी हात लावू दिला नाही.

पौष लागला की बायको त्याच्या पोराचा विषय काढते. "आता शाळेत जात असन." "आता बापाच्या खांद्याले लागला असन." परवा म्हणाली, "आता त्याले मिसा फुटल्या असतीन."

मी दाराकडे पाहिलं. चौकटीवरचा अंगठ्याचा तपकिरी ठसा तेवढाच होता.